बिल्ला हरवलेले आवाज

लग्नकार्यात कोणी विचारलं, "तुम्ही नोकरीत नेमकं काय करायचात?" की मी "कॉम्प्युटरमध्ये होते" एवढं सांगून मठ्ठ्याकडे वळायचे. त्यापुढे सांगायला गेलं की समोरच्याची नजर वधूवरांकडे जाते, हा अनुभव आहे. पण इथे संपादकांनी पानं दिली आहेत, आणि वाचक मधेच उठून गेला तरी मला दिसणार नाही. तेव्हा या वेळी सांगतेच.

माझं नाव अनुराधा जोगळेकर. हडपसरच्या एका कंपनीत मी डेटाबेस सांभाळायचे आणि निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीतून अशीच कामं करत राहिले. डेटाबेस म्हणजे आखीव रकान्यांचं रजिस्टर. नाव, जन्मतारीख, पिनकोड असं मोजूनमापून बसणारं सगळं त्यात सुखानं नांदतं. अडचण येते ती फोटो, आवाज, एक्स-रे, पन्नास पानांचा निवाडा असलं काही ठेवायचं झालं की. ते रकान्यात मावत नाही. मग ते मागच्या कोठारात ठेवायचं आणि रकान्यात फक्त त्याचा नंबर लिहायचा. देवळाबाहेर चपला देऊन बिल्ला घ्यावा, तसं. अशा ऐवजांना आमच्यात 'लार्ज ऑब्जेक्ट' म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना 'अवजड ऐवज' म्हणायचे.

यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही. डेटाबेसला आतल्या मालाचं काहीही कळत नसतं. नावावरून तो माणूस शोधून देईल, तारखेवरून क्रम लावून देईल. पण कोठारातला ऐवज म्हणजे नवऱ्यामुलाचा फोटो आहे की भजन, याचा त्याला पत्ता नसतो. आम्हालाही नसायचा. दुसऱ्याच्या ऐवजात डोकावू नये, हा आमच्या कामातला शिष्टाचार होता. मी तो इतका पाळला की काही वर्षांनी आत काय असेल याची उत्सुकताही वाटेनाशी झाली.

कोठारातही लहानमोठे कप्पे असतात. ज्यानं कप्पा निवडताना हात आखडता घेतला, त्याची काय गत होते ते सदाशिव पेठेतल्या करंदीकरांना विचारावं. त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं. फोटोंसाठी कोणीतरी सगळ्यांत लहान कप्पा नेमला होता, आणि त्यांचा तो जुना डेटाबेस असा गरीब, की मोठा फोटो आला तरी तक्रार करायचा नाही. मावेल तेवढा ठेवायचा, बाकीचा टाकून द्यायचा. फोटो वरून खाली भरत जातो, त्यामुळे उमेदवारांचे केस, कपाळ, डोळे व्यवस्थित आणि नाकाखाली सगळी राखाडी पट्टी.

"अहो बाई," करंदीकर फोनवर म्हणाले, "मुलीकडचे विचारताहेत, मुलाला हनुवटी आहे का? मी 'असावी' म्हणून सांगितलंय. आपलं काय मत?"

कप्पा मोठा करायला मला पाच मिनिटं लागली. पण टाकून दिलेले अर्धे चेहरे कुठून आणणार? ज्यांच्याकडे मूळ फोटो होते त्यांनी परत पाठवले. दोन लग्नं मात्र तेवढ्या अवधीत ठरून गेली होती, हनुवटीविना. सुखात आहेत म्हणे.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

वाघोलीजवळच्या एका महाविद्यालयात लिमये बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतरही त्या रोज प्रयोगशाळेत यायच्या. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवरच्या गवतांचे त्यांनी अनेक वर्षं फोटो काढले होते. फुलं सगळेच काढतात, गवताकडे कोण बघतं, असं त्या म्हणायच्या. ते फोटो डेटाबेसच्या कोठारात होते आणि प्रत्येक गवताची ओळ रजिस्टरात होती. डिस्क भरत आली म्हणून मला बोलावलं.

आता या प्रकारच्या डेटाबेसची एक खोड आहे. रजिस्टरातली ओळ खोडली तरी कोठारातला ऐवज तसाच राहतो. बिल्ला हरवतो, चप्पल राहते. अशा बेवारस वस्तू साचत जातात आणि अधूनमधून त्या झाडून काढायच्या असतात. त्यासाठी तयार हुकूम आहे. मी तो दिला. बेवारस माल पुष्कळ निघाला, डिस्क जवळजवळ अर्धी मोकळी झाली. इतका का निघाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. उलट मी खूश झाले.

कारण साधं होतं. आदल्या आठवड्यात कार्यालयातल्या कारकुनानं दोन याद्या एकत्र करताना गवतांच्या शेकडो ओळी चुकून खोडल्या होत्या. ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. फोटो तोपर्यंत कोठारात शाबूत होते. ते मी झाडून टाकले. बॅकअप एकच ठेवलेला होता आणि माझ्या सफाईनंतर त्याच्यावरच नवा घेतला गेला होता.

मी लिमये बाईंसमोर उभी राहिले आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काम चोख केलंत," त्या म्हणाल्या. "शंकेला जागाच ठेवली नाहीत."

मला रडू यायला लागलं तेव्हा मात्र त्यांनी शिपायाला चहा सांगितला. म्हणाल्या, "गवत परत उगवतं हो. मी परत काढीन." आणि खरंच त्या सत्तरीत पुन्हा कॅमेरा घेऊन निघाल्या. मीही काही रविवार त्यांच्याबरोबर गेले. गवत उगवलं होतं. पण दोन-तीन टेकड्यांवर तोवर सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. तिथे गेटवरच्या रखवालदारानं आम्हाला विचारलं, "किसके यहाँ जाना है?" बाई म्हणाल्या, "घास के यहाँ." तो बिचारा इंटरकॉमकडे बघत राहिला. त्या वेळी मी हसले, पण ती खंत अजून गेलेली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी, म्हणजे अगदी अलीकडे, एका शनिवारी सकाळी ऋषिकेशचा फोन आला. हा पूर्वी माझ्या हाताखाली होता, आता स्वतःच वीस जणांचा साहेब आहे. सुट्टीच्या दिवशी तो येरवड्यातल्या एका ध्वनी-ग्रंथालयात फुकट काम करायचा. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वयंसेवक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, आणि सभासद ती फोनवर ऐकतात. कित्येक वर्षांचं वाचन तिथे साठलेलं होतं.

"मॅम," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"काय उडवलंस?" मी विचारलं. त्या आवाजात फोन येतो तेव्हा दुसरं कारण नसतं.

"पुस्तकांची यादी. अख्खं टेबल. नवीन वेबसाइटसाठी जुनीवरून नवी यादी बनवत होतो, नवी झाली असं समजून जुनी रिकामी केली आणि नवी बनलीच नव्हती. बॅकअप चेक केला मॅम. स्क्रिप्ट रोज चालतेय, पण कित्येक महिने फाइल झिरो साइजची आहे. रोज रिकामी फाइल जुन्या फाइलवर बसलीय."

"आवाज कोठारात आहेत ना?"

"ऑडिओ? हो, लार्ज ऑब्जेक्ट्स आहेत. पण सगळे ऑर्फन. कुठला नंबर कुठल्या पुस्तकाचा, काहीच नाही."

मला लिमये बाईंचं गवत आठवलं. "ऋषिकेश, बेवारस माल साफ करणारा काही कार्यक्रम लावलेला आहे का त्या मशीनवर?"

"वीकली आहे. मीच लावलाय. शनिवारी… बाराला."

घड्याळात पावणेबारा झाले होते.

"बंद कर."

"तो इथल्या मंदाताईंच्या लॉगिनवरून लावला होता, पासवर्ड त्यांच्याकडे आहे, त्या बँकेत गेल्यात, फोन उचलत नाहीयेत. माझ्या लॉगिनला ती परमिशन नाहीये—"

"प्लग काढ."

"मॅम?"

"भिंतीतला प्लग. ओढून काढ."

तीस वर्षं मी माणसांना 'मशीन नीट बंद करावं, वायर ओढू नये' असं बजावत आले. एकाला तर त्यावरून लेखी ताकीद दिली होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोलाचा तांत्रिक सल्ला मात्र 'प्लग ओढ' हाच निघाला. पलीकडून पंखा थांबल्यासारखा आवाज आला आणि मग ऋषिकेशचा श्वास ऐकू आला.

रिक्षा करून कोथरूडहून येरवड्याला पोचले तेव्हा मंदाताई परत आल्या होत्या. मंदाताई म्हणजे ग्रंथालयाच्या व्यवस्थापक, निवृत्त शिक्षिका. दोन खोल्यांची जागा, एका खोलीत भिंतींना गाद्या लावून केलेला रेकॉर्डिंगचा कोनाडा. ऋषिकेश खुर्चीत हात गुडघ्यांत दाबून बसला होता. त्याला बोलायचा माझा काही अधिकार नव्हता. मी त्याला लिमये बाईंच्या गवताची हकीकत सांगितली. पस्तिशीतल्या त्या गृहस्थानं ती सगळी ऐकली आणि विचारलं, "मग तुम्ही नंतर काम कसं केलंत?"

"भीत भीत," मी म्हणाले. "तसंच करावं."

मशीन सुरू करण्याआधी आम्ही डिस्क बाहेर काढून तिच्या दोन नकला केल्या, आणि मगच उघडून बघितलं. ऐवज शाबूत होते. नऊ हजारांवर तुकडे, प्रत्येकाला फक्त एक नंबर. खोडलेली यादी डिस्कवरून खरवडून काढायचा प्रयत्न आम्ही आठवडाभर केला. चार-दोन नावं हाती लागली, बस्स. ऋषिकेशनं मशीनकडून आवाजाचं लिखाण करून घेऊन पाहिलं. नव्या, स्वच्छ रेकॉर्डिंगचं बरं झालं. जुन्यांत पंख्याची घरघर, बाहेरचे हॉर्न. त्यांतून 'पेशवाई'ची 'पेशी बाई' झाली. आणि शब्द कळले तरी तो धडा कुठल्या पुस्तकातला, कितवा, हे कोण सांगणार? पुष्कळ पुस्तकांच्या छापील प्रतीही राहिलेल्या नव्हत्या. नंबर क्रमानं पडतात हा एक आधार होता, पण दोन-तीन जण एकाच वेळी वाचन चढवायचे, त्यामुळे इतिहासाच्या मधेच अर्थशास्त्र शिरलेलं.

"तीन महिन्यांत सभासदांच्या परीक्षा आहेत," मंदाताई म्हणाल्या. "पुन्हा वाचून घ्यायचं तर तीन वर्षं लागतील."

तेव्हा दारातून कोणीतरी म्हणालं, "मले ऐकवा न एखादा."

ही सुरेखा वानखेडे. मूळची यवतमाळकडची, जन्मापासून दृष्टी नाही, एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. खात्याच्या बढतीची परीक्षा तिनं दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली होती. ही तिसरी संधी, आणि नियमाप्रमाणे शेवटची. आठवडाभर फोनवर एकही पुस्तक लागत नव्हतं, म्हणून ग्रंथालय बंद का आहे ते मंदाताईंना विचारायला ती आली होती.

मी एक नंबर लावला. ती म्हणाली, "स्पीड वाढवा. अजून. अजून वाढवा." शेवटी मला तर माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येऊ लागलं. सुरेखानं दहा सेकंदांत हात वर केला.

"हे गद्रे काका. पान उलटायच्या आधी खाकरतात. राज्यघटनेचं पुस्तक, मूलभूत हक्कांचा धडा. पण सुरुवात नाही, मधला तुकडा आहे हा. याच्या आधी त्यांनी समतेचं वाचलं असंल."

आधीचा नंबर लावला. कोणीतरी बाई शेतीविषयी वाचत होत्या. त्याच्या आधीचा लावला. गद्रे काका समता वाचत होते.

ऋषिकेश उठून उभा राहिला. मी डेटाबेसमध्ये आयुष्य काढलं, पण इतका झटपट मिळालेला शोध पाहिला नव्हता. ज्या ऐवजांत आम्ही कोणी कधी डोकावलो नाही, त्यांच्यात ही माणसं वर्षानुवर्षं राहत होती. कोण कुठे अडखळतं, कोणाच्या मागे कुकरची शिट्टी होते, कोण 'ज्ञान'चा उच्चार कसा करतं, सगळं त्यांना पाठ होतं. आणि आम्ही आठवडाभर डिस्क खरवडत बसलो होतो.

मंदाताईंनी सभासदांना फोन केले. ऋषिकेशनं एक सोय करून दिली. सभासदानं फोन लावायचा, एक तुकडा ऐकायचा, ओळखू आला तर पुस्तकाचं नाव, धडा आणि वाचकाचं नाव बोलायचं. नाही आला तर 'पुढे' म्हणायचं. पहिल्याच आठवड्यात चाळीस-पन्नास जण लागले. कोणी येरवड्यातून, कोणी वसतिगृहातून, एक गृहस्थ मगरपट्ट्याच्या बसमधून. कोणी एखादा तुकडा चुकीचा ओळखला की दुसरा तो दुरुस्त करायचा, कधी जरा तिखटपणे. "ज्यांना गद्रे आणि बर्वे यांतला फरक कळत नाही, त्यांनी कृपया फक्त 'पुढे' म्हणावे," अशी एका ज्येष्ठ सभासदाची नोंद मी जपून ठेवली आहे.

माझं काम त्या बोललेल्या नोंदी पुन्हा ओळींत बसवायचं. एक ओळ, एक नंबर. रोज दुपारी मी येरवड्याला जायचे. सुरेखा ऑफिस सुटल्यावर यायची आणि फोन कानाला लावून बसायची, दोन-दोन तास. तिच्या परीक्षेला महिना उरला तेव्हा मला राहवेना.

"सुरेखा, तू आता अभ्यासाला बस. हे बाकीचे करतील."

"मॅडम, काहून एवढं टेन्शन घेता? हे काय मग, अभ्यासच चाललाय न माझा."

"अगं, पण तू तर भूगोलही ऐकतेस, बालमानसशास्त्रही ऐकतेस. तुझ्या पेपरात ते आहे का?"

ती म्हणाली, "गावाकडे होते तेव्हा माह्याकडे एकच पुस्तक होतं, मॅडम. शाळेतल्या बाईंनी कॅसेटवर वाचून दिलेलं. दोन वर्षं तेच ऐकलं. पुण्यात आले आणि मंदाताई म्हणाल्या, कोणतं पाहिजे? मले 'कोणतं' म्हणताच येईना. इतकी पुस्तकं असतात हेच माहीत नव्हतं. आता कोणी नवीन पोरगी येईल, तिले 'यादी नाही' म्हणून सांगू का?"

मी पुढचा नंबर लावला.

परीक्षांच्या दहा दिवस आधी पाठ्यपुस्तकं सगळी लागली. बाकीची पावसाळाभर लागत गेली. शेवटी दीडएकशे तुकडे राहिले, जे कोणालाच ओळखू येईनात. एकात एक म्हातारे गृहस्थ कोकणातल्या माशांविषयी वाचताहेत, मधेच थांबून स्वतःशीच हसताहेत. एकात वाचन संपल्यावर बाई रेकॉर्डिंग थांबवायला विसरल्या आहेत आणि कोणाशी तरी पडद्यांच्या कापडाविषयी बोलताहेत. ऋषिकेशनं विचारलं, "मॅम, हे काढून टाकायचे का?" विचारता विचारता तो स्वतःच नाही म्हणून मान हलवत होता. आम्ही यादीत 'ओळख पटायची आहे' असा एक विषय केला आणि त्याखाली ते सगळे ठेवले. आता तो सभासदांत सगळ्यांत जास्त ऐकला जाणारा विषय आहे, असं मंदाताई कुरकुरत सांगतात.

सुरेखा पास झाली. निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली, पहिला पेढा तिनं गद्रे काकांना दिला. आजवर तिनं त्यांना शेकडो तास ऐकलं होतं आणि भेटत होती पहिल्यांदा. काका भांबावून खाकरले. ती म्हणाली, "हाव, तुम्हीच."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, आता माझी पुढची परीक्षा. प्रशासनाचं पुस्तक आहे, नवीन आलंय. कोणी वाचलेलं नाही अजून. तुम्ही वाचाल का?"

"मी? माझा आवाज काही—"

"आवाज चांगला आहे तुमचा. फक्त घाई करता. आणि वाक्य संपायच्या आधी पुढच्याचा विचार करता, ते ऐकू येतं."

हे माझ्याविषयी इतक्या नेमकेपणानं घरच्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. मी गाद्यांच्या त्या कोनाड्यात जाऊन बसले. पहिला परिच्छेद सात वेळा वाचला. दारामागून मंदाताईंनी शाळेतल्या आवाजात सांगितलं, "श्वास घ्या, जोगळेकर. वाक्याला पूर्णविराम असतो."

आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी वाचते. पुस्तक तसं रटाळ आहे, खोटं कशाला सांगू. नियम, पोटनियम, परिशिष्टं. सात प्रकरणं झाल्यावर घशाला सूज आली म्हणून दोन आठवडे गेले नाही. परवा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"जोगळेकर बाई बोलताय का?"

"हो, आपण कोण?"

"मी हडपसरहून बोलतोय, ग्रंथालयाचा सभासद आहे. नंबर मंदाताईंकडून घेतला. अहो, सातवं प्रकरण संपलं आणि कलम चौदा अर्धवटच राहिलंय. माणसानं काय समजायचं? आठवं कधी?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी म्हटलं, "शुक्रवारी."

"शुक्रवारी नक्की ना? मी वाट बघतोय," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्या दिवशी भाचीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी आइस्क्रीम घेतलं. मी नको म्हटलं. "डायबेटिस निघाला की काय?" असं वहिनींनी काळजीनं विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं, "शुक्रवारी आठवं प्रकरण आहे."